बाइंडरबाईने पोरं पाठवली नाहीत

शाळेला सुट्टी लागली आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, बाइंडरबाईची नणंद दारात उभी राहिली. बरोबर तीन बॅगा. तिन्ही रिकाम्या. जिन्यावरून वर येताना त्या अशा खडखडत होत्या की आत काही नाही हे खालच्या मजल्यालाही कळलं असेल.

"पोरांचे कपडे यात भरायचे," चपला काढता काढताच नणंदेने सांगून टाकलं. "शुक्रवारच्या गाडीची चार तिकिटं काढलीत. सुट्टीभर माझ्याकडे राहतील. शाळा उघडायच्या आधी आणून सोडते. तू नुसता आराम करायचा."

बाइंडरबाई त्या वेळी धाकटीच्या फ्रॉकचं बटण लावत होती. डाव्या हाताची दोन बोटं आणि दात, अशा सरंजामाने. दातातलं कापड सोडल्याशिवाय बोलता येईना, म्हणून तिने आधी बटण लावलं, धाकटीला मोकळं केलं आणि मग म्हणाली, "ताई, आधी चहा घ्या. पोरं कुठे जात नाहीत."

नणंदेला वाटलं, चहा होईपर्यंत जात नाहीत असं म्हणायचंय. म्हणून ती समाधानाने खुर्चीत बसली.

बाइंडरबाईला अख्खी गल्ली बाइंडरबाईच म्हणायची. सतराव्या वर्षी ती छापखान्यात लागली. आधी छापील कागदांच्या घड्या घालायच्या, मग शिलाई, मग पुठ्ठे चिकटवणं, असं करत करत ती कटिंग मशीनवर पोचली. गठ्ठा मशीनखाली सरकवायचा, कडा जुळवायच्या, वरून पातं येतं आणि हजार पानं एका दमात सरळ होतात. हे काम बायकांना देत नसत. तिने मागून घेतलं होतं. तिने कापलेल्या वहीला पट्टी लावून बघायची गरज नाही, असं छापखान्यात म्हणायचे, आणि हे कौतुक ती न लाजता ऐकून घ्यायची, कारण ते खरं होतं.

त्या मशीनला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच पातं खाली येतं. म्हणजे पातं येताना दोन्ही हात बाहेर असतात. साधा हिशेब. पण परीक्षेच्या वह्यांची घाई सुरू झाली तेव्हा फोरमनने एक बटण तारेने बांधून कायमचं दाबून ठेवलं. एक हात मोकळा राहिला की काम झपाझप होतं. बाइंडरबाईने त्याला दोनदा सांगितलं, ही तार काढा. दोन्ही वेळा तो म्हणाला, "एवढी घाई सरू द्या." थंडी सरत आली होती, घाई सरत नव्हती, आणि एका दुपारी तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

दवाखान्यात फोरमन संत्री घेऊन भेटायला आला. बाजूच्या स्टुलावर बसून म्हणाला, "बाई, तुमचं लक्ष नव्हतं हो त्या दिवशी. मालकांचंही तेच म्हणणं आहे." बाइंडरबाई औषधांच्या गुंगीत होती, पण इतकीही नाही. तिने पांघरुणातून उजवा हात बाहेर काढला. हातभर पट्टी आणि पट्टीतून वर आलेला एकुलता एक अंगठा. तो तिने फोरमनला दाखवला. फोरमन संत्री ठेवून निघून गेला.

घरी आल्यावर मात्र वेगळीच पंचाईत झाली. भेटायला येणाऱ्या माणसांना बोलताच येईना. आपल्या भाषेत किती हात आहेत हे आधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेजारीण म्हणाली, "काही हातभार लागला तर सांग," आणि जीभ चावली. मामेभाऊ म्हणाला, "मालकाने सरळ हात झटकले की," आणि खिडकीबाहेर बघू लागला. बाइंडरबाईची आई फोनवर "हातची नोकरी गेली गं" म्हणाली आणि तिकडे रडायलाच लागली. बाइंडरबाईला पहिल्यांदा राग यायचा, पुढे पुढे मजा वाटायला लागली. कोणी अडखळलं की तीच वाक्य पुरं करून द्यायची.

तिची पोरं तीन. थोरली आठ वर्षांची, शहाणी, म्हणजे जरा जास्तच शहाणी. मधला सहाचा. त्याला घरात काका म्हणत, कारण बोलायला लागल्यापासून तो "का? का?" एवढंच विचारत आला होता. आणि शेंडेफळ तीन वर्षांचं, फ्रॉक घातलेलं, सगळं तोंडात घालणारं. नवरा ट्रकवर. बारा-पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा, दोन दिवस झोपायचा आणि पुन्हा निघायचा. माणूस गरीब स्वभावाचा. बायकोचंही पटायचं आणि बहिणीचंही, आणि दोघी एकाच वेळी बोलायला लागल्या की त्याची रेंज जायची.

चहा झाल्यावर बाइंडरबाईने कप उचलले आणि सांगितलं, "ताई, तिकिटं काढलीत, मनापासून काढलीत. पण मी पोरं पाठवणार नाही."

नणंद तीस वर्षं मोठ्या दवाखान्यात मेट्रन होती. तिला "नाही" ऐकायची सवय नव्हती, पण चिडायचीही नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "हे बघ, मी तुझ्यासारख्या बायका खूप बघितल्यात. सुरुवातीला सगळ्या वाघिणी असतात. सगळं मीच करते, मीच करते. आणि सहा महिन्यांनी एके दिवशी भिंतीला टेकून बसतात त्या उठतच नाहीत. सुट्टी आहे, पोरं दिवसभर घरात. एका हाताने तीन पोरं?"

"दीड हाताने," बाइंडरबाई म्हणाली. "अंगठा आहे."

नणंदेने भावाला फोन लावला. स्पीकरवर. मागे ट्रकचा धडधडाट. "अगं, ताई म्हणते ते काही चुकीचं नाही," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "म्हणजे, तुझंही..."

"माझं काय ते मी ताईंना सांगितलंय."

"मग तेच," तो म्हणाला आणि रेंज गेली.

तिकिटं शुक्रवारची होती, तोवर नणंद राहणारच होती. बॅगा तिने दाराच्या मागे ओळीने उभ्या केल्या. शेंडेफळ लगेच एकीत जाऊन बसलं.

मंगळवारी बाइंडरबाईने पोरांना लवकर उठवलं. दर उन्हाळ्यात, सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात, हे कुटुंब तुती काढायला जायचं. बंद पडलेल्या बर्फ कारखान्याच्या मागे, जिथे पूर्वी मालगाडीचा फाटा होता, तिथे भिंतीला धरून सात-आठ तुतीची झाडं होती. कोणी लावलेली नव्हती. कोणी विचारायचं नाही. तुती पिकली की खाली सडा पडायचा, मुंग्या आणि पाखरं आणि बाइंडरबाईची पोरं तिघांची चैन व्हायची. त्या तुतीचा जॅम करायचा आणि तो वर्षभर पावाला लावून खायचा.

"या वर्षी राहू दे," नणंद म्हणाली. "जॅम दुकानात मिळतो."

"दुकानातला दुकानात राहू दे," बाइंडरबाई म्हणाली आणि जुनी चादर घडी करून काखेत मारली.

झाडाखाली पोचेपर्यंत तिला स्वतःलाही कल्पना नव्हती की हे कसं करायचं. तुतीची पद्धत अशी की एका हाताने फांदी वाकवून धरायची आणि दुसऱ्याने फळं काढायची, नाहीतर खाली चादर पसरून फांदी हलवायची. हलवायला पकड लागते. तिने आधी डाव्या हाताने हलवून बघितलं. चार तुती पडल्या, त्यातल्या दोन काकाच्या डोक्यावर. मग तिने पिशवीतून नवऱ्याचा जुना चामडी पट्टा काढला, उजव्या तळव्याला आणि मनगटाला गुंडाळला, थोरलीकडून करकचून आवळून घेतला आणि त्यात ट्रकच्या ताडपत्रीचा लोखंडी हूक अडकवला. पट्टा आणि हूक दोन्ही तिने निघताना उगाच उचलले होते. हूक फांदीत घातला आणि ती अख्ख्या अंगाने खाली लोंबकळली.

सडसड सडसड तुती पडल्या. पोरं चादरीवर ओरडत उड्या मारायला लागली आणि अर्ध्या तुती तिथेच चेचल्या गेल्या.

"उड्या नाही!" बाइंडरबाई हुकाला लटकलेली तशीच ओरडली.

"का?" काकाने विचारलं.

"जॅम घरी करायचाय, तुमच्या पायांवर नाही!"

पट्टा जुन्या जखमेवर घासत होता. तिसऱ्या झाडापाशी हात आतून ठणकायला लागला, नसलेली बोटंसुद्धा ठणकायला लागली. ती खाली बसली. थोरलीने बघितलं आणि न सांगता बादली उचलून चौथ्या झाडाकडे गेली. बाइंडरबाईला ते बघवलं नाही. पोरीच्या पाठीत एकदम मोठ्या बाईचा वाकडेपणा आला होता. ती उठली आणि पुन्हा हूक घातला.

दोन बादल्या भरून मंडळी घरी आली तेव्हा चौघांची तोंडं, हात आणि कोपरं जांभळी होती. नणंदेने दार उघडलं आणि दवाखान्यातल्या सवयीने आधी विचारलं, "रक्त कुठलं?"

दुपारभर देठ काढायचं काम चाललं. तुतीला बारीक हिरवा देठ असतो, तो हाताने तुटत नाही, कात्रीने कापावा लागतो. बाइंडरबाई डाव्या हाताने कात्री चालवत होती आणि कात्री उजव्यांसाठीच केलेली असते हे तिला चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कळलं. पातीच जुळेनात. नणंद समोर बसून बघत होती. शेवटी तिने दुसरी कात्री घेतली आणि कापायला लागली. तिची बोटं झरझर चालत होती. बाइंडरबाईने त्या बोटांकडे एकदा पाहिलं आणि मग पाहायचं टाळलं.

बुधवारी सकाळी साखरेत मुरलेली तुती तिने सगळ्यात मोठ्या पातेल्यात चढवली. दोन लिंबं पिळली. लिंबू नसेल तर तुतीचा जॅम घट्ट होत नाही, नुसतं सरबत राहतं. उकळी आली, वर गुलाबी फेस आला, तो तिने काढून वाटीत ठेवला, पोरांसाठी. इथपर्यंत सगळं झकास. मग ढवळणं सुरू झालं. एवढं पातेलंभर दाट होत जाणारं प्रकरण पळीने तळापासून सतत हलवत राहायचं असतं. उजवा हात हे वर्षानुवर्षं न सांगता करत आला होता. डाव्याला वीस मिनिटांत खांद्यापासून मुंग्या आल्या.

"दे, मी ढवळते," नणंद म्हणाली.

"नको."

"पाच मिनिटं. तोवर तू बस."

"नको म्हटलं ना, ताई."

तिसऱ्यांदा नणंद पळीपर्यंत आली. बाइंडरबाई तिच्याकडे वळून म्हणाली, "हात लावू नका! तुम्ही हात लावलात की मग म्हणाल, बघ, नाहीच जमलं." हे बोलायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ पळी थांबली होती. तेवढं पुरलं. तळ लागला. आधी बारीक वास आला, कागद जळल्यासारखा. तिने गॅस बंद केला, पण जॅमचं असं असतं की तळाला एक वीतभर जळला तरी वरचा सगळा कडू होतो. तिने चमच्याने चाखला. थोरलीने चाखला. काकाने चाखला आणि थुंकला.

दोन बादल्या तुती, तीन पोरांची सकाळ, एक दुपारभर कात्री. सगळं मोरीत.

नणंद "सांगितलं होतं ना" म्हणाली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. तिने फक्त खिडकी उघडली, धूर जावा म्हणून, आणि शेंडेफळाला कडेवर घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

बाइंडरबाई मोरीत बसली. पातेलं दोन पायांच्या मध्ये धरलं आणि तारेच्या घासणीने तळ खरवडायला लागली. डोळ्यांत पाणी येत होतं पण ती ते पुसत नव्हती, कारण एकच हात होता आणि तो कामात होता. मग थोरली दारात येऊन उभी राहिली.

"आई, मी जाते आत्याकडे."

"काय?"

"मी एकटी जाते. म्हणजे तुला दोघांचंच बघावं लागेल. आणि माझ्या वेण्या घालायच्या नसतील मग. वेण्यांना तुला सगळ्यात जास्त वेळ लागतो."

बाइंडरबाईने घासणी खाली ठेवली. तिला दिसलं की गेले तीन महिने ही पोर गुपचूप बेरजा-वजाबाक्या करत बसली होती. आई किती, आपण किती, आपण गेलो तर उरतं किती.

"इकडे ये," ती म्हणाली. "तुला आत्याकडे मजा येईल म्हणून जायचंय का? मोठं घर आहे, झोपाळा आहे. त्यासाठी जायचं असेल तर आत्ता बॅग भर, मी स्वतः गाडीत बसवते."

थोरलीने मान हलवली. नाही.

"मग ऐक. मला कशाचा भार होतो आणि कशाचा नाही, ते मी ठरवणार. तू नाही, आत्या नाही, डॉक्टर नाही. तुझ्या वेण्या वाकड्या येतात. येऊ देत वाकड्या. शाळेत कोणी हसलं तर सांग, माझ्या आईने घातल्यात, तुझ्या आईला दीड हाताने घालून दाखवायला सांग."

थोरली हसली नाही. पण ती आत येऊन पातेल्याचा कान धरून बसली, घासताना हलू नये म्हणून. मागून काका आला. त्याने पातेल्यात वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आई, एवढं मोठं पातेलं का?"

"जॅम मोठ्याच पातेल्यात करतात."

"का?"

बाइंडरबाईनेही पातेल्यात वाकून बघितलं. तिची आई मोठ्या पातेल्यात करायची. आईचे दोन हात होते. एवढंच.

गुरुवारी पहाटे उन्हं यायच्या आत ती पुन्हा पोरांना घेऊन निघाली. जिन्यात मागे पावलं वाजली. वळून पाहिलं तर नणंद, छत्री घेऊन. "पोरांवर लक्ष ठेवायला येतेय," ती म्हणाली. "जॅमशी माझा काही संबंध नाही."

झाडाखाली तिने छत्री उघडली आणि ती कारखान्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. तुतीच्या झाडाखाली पांढरे कपडे घालून उभं राहणारं माणूस बाइंडरबाईने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. तिने हूक घातला आणि लोंबकळली. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि तुती भिंतीकडे उडाल्या. छत्रीवर तडतड वाजली, आणि दोन तुती छत्रीच्या कडेवरून घरंगळत नेमक्या नणंदेच्या खांद्यावर उतरल्या.

"गेला! हा गेला! हा डाग आता जन्मात निघायचा नाही!"

"थांबा, ताई." बाइंडरबाईने फांदीवरची एक कच्ची, लालसर तुती तोडली, दाताने फोडली आणि नणंदेच्या खांद्यावरच्या डागावर चोळायला लागली. पिकल्या तुतीचा डाग कच्च्या तुतीने निघतो. काकाने "का?" विचारलं, तर कच्च्यातल्या आंबटपणाने, असं तिने सांगितलं. पुढचं "का?" तिने ऐकलंच नाही असं दाखवलं. डाग फिका होत गेला. नणंद मान तिरकी करून बघत होती. इतक्या जवळून तिने भावजयीचा उजवा हात पहिल्यांदाच पाहिला असावा, कारण बाइंडरबाईने खांदा धरायला तोच वापरला होता, अंगठा पुढे आणि उरलेला तळवा मागे. मेट्रनच्या नजरेने तिने तो पाहिला. "जखम चांगली भरलीय," ती म्हणाली. मग छत्री मिटून तिने शेंडेफळाच्या तोंडातून एक मुंगी लागलेली तुती काढली आणि स्वतःच वेचायला बसली.

दुपारी घरात तीन छोटी पातेली चढली. मोठं पातेलं माळ्यावर गेलं. छोट्याला लांब दांडी असते, कान नसतात. एका हाताने उचलता येतं, एका हाताने ढवळता येतं, आणि दांडी अंगठ्याने दाबून धरता येते. एकदम तीन नाही, एकामागून एक. वेळ तिप्पट लागला. घराचं भट्टीघर झालं. पोरं बनियनवर आली. प्रत्येक पातेलं होत आलं की थोरली थंड पाण्यातून बशी काढायची, बाइंडरबाई तिच्यावर एक थेंब सोडायची, आणि काका त्या थेंबाला बोटाने ढकलायचा. थेंब पसरला तर अजून शिजवायचं, वर सुरकुती पडली तर झाला. "सुरकुती!" काका ओरडायचा. "आत्यासारखी!"

"मेल्या!" आत्या ओरडायची.

बरण्या उकळत्या पाण्यात ठेवल्या होत्या. त्या काढायची वेळ आली तेव्हा बाइंडरबाई थांबली. तिने सांडशीकडे बघितलं, बरण्यांकडे बघितलं, आणि म्हणाली, "ताई, या काढायला तुमचा हात लागेल. ढवळायला नाही. भरायला नाही. फक्त काढायला."

"सांग की मग," नणंद म्हणाली. "मी काय पळून चाललेय?"

झाकणं लावायची तर बरणी कोणीतरी घट्ट धरायला हवी. नणंद हात पुढे करणार, तेवढ्यात बाइंडरबाईने टेबलाचा ड्रॉवर उघडला, बरणी फडक्यात गुंडाळून त्यात उभी केली, कमरेने ड्रॉवर आत ढकलला आणि बरणी अडकवून टाकली. डाव्या हाताने झाकण फिरवलं. टक्. ही युक्ती तिला कधी सुचली ते तिने कोणाला सांगितलं नाही. सकाळी झाडाखाली सुचली असेल, नाहीतर मोरीत. अकरा बरण्या झाल्या. आठव्या बरणीला ड्रॉवरचा मागचा लाकडी तुकडा तुटला. जॅम वाचला.

शुक्रवारी नणंदेने तिन्ही बॅगा एकीत एक घातल्या. दोन बरण्या पिशवीत घेतल्या. पोरांचे पापे घेतले. दारात चपला घालताना ती बाइंडरबाईला म्हणाली, "मला अजूनही वाटतं तू चुकतेयस."

"वाटू द्या."

"एका जॅमने काही सिद्ध होत नाही."

"मला सिद्ध करायचंच नव्हतं, ताई. मला पोरं हवी होती."

नणंद जिना उतरली. खालच्या वळणावरून ओरडून म्हणाली, "जखमेवर तेल लावत जा रोज! आणि तो पट्टा घासतो, त्याला आतून कापड शिव!" मग गेली.

त्या उन्हाळ्यात सगळं सुरळीत झालं असं म्हणणं खोटं होईल. काकाने गुडघा फोडून घेतला आणि ओरडणाऱ्या पोराला एका हाताने धरून दुसऱ्या न-हाताने पट्टी बांधणं काय असतं ते बाइंडरबाईलाच माहीत. धुणं दोन दोन दिवस पडून राहायचं. एका दुपारी ती खरंच भिंतीला टेकून बसली, अगदी नणंदेने सांगितलं होतं तशी, आणि शेंडेफळ येऊन तिच्या मांडीवर झोपून गेलं म्हणून तिला तासभर उठताच आलं नाही. मग भूक लागली, दोघींना, म्हणून उठली. नवरा आला तेव्हा त्याने थोरलीच्या वेण्या घालायला शिकून घेतल्या. त्याच्या तर तिच्याहून वाकड्या यायच्या.

शाळा उघडल्या त्या सोमवारी, मालकाचा निरोप आला म्हणून, बाइंडरबाई छापखान्यात गेली. मालकाने तिला खुर्ची दिली. म्हणजे खरोखरची खुर्ची, नवी, दाराशी ठेवलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याची वहीत नोंद करायची, फोन आला तर उचलायचा. "बसून काम, बाई," मालक म्हणाला. "तुम्हाला सांभाळून घ्यायचं ठरवलंय आम्ही."

बाइंडरबाई त्या खुर्चीवर बसली नाही. ती सरळ आत गेली. कटिंग मशीनवर एक नवी मुलगी होती, विशीची, आणि बटणाला तार तशीच होती. तीच तार. बाइंडरबाईने शिलाईच्या टेबलावरून पक्कड उचलली, डाव्या हातात धरली आणि तार तोडली. पहिल्या दाबाला तुटली नाही, दुसऱ्याला तुटली. फोरमन धावत आला.

"बाई, हे काय? काम अडेल!"

"अडू दे."

"मालकांना विचारलंत का?"

"तुम्ही मला विचारलं होतंत का?" तिने तारेचे दोन तुकडे त्याच्या हातात ठेवले. मग नव्या मुलीकडे वळली. "आजपासून दोन्ही हात बाहेर. दोन्ही बटणं. हळू झालं तर हळू. कोणी घाई केली तर माझ्याकडे पाठव, मी त्याला माझा हात दाखवते."

छापखान्यात सगळी यंत्रं थांबली होती. शिलाईवाल्या बायका उभ्या राहिल्या होत्या. मालक आला, बराच वेळ बोलला, आवाज चढवला, उतरवला. बाइंडरबाई मशीनपासून हलली नाही. शेवटी त्या मुलीनेच दोन्ही हात बटणांवर ठेवले, दोन्ही, आणि गठ्ठा कापला. मग मालकाला बोलायला काही उरलं नाही, निदान त्या दिवशी.

बाइंडरबाई दुसऱ्या दिवशीही त्याच मशीनपाशी येऊन उभी राहिली, आणि आता ती तिथे नव्या माणसांना शिकवते. स्वतः कापत नाही. दोन बटणांना दोन तळहात लागतात आणि तिने स्वतःसाठीसुद्धा तार बांधू दिली नाही. पण कापलेल्या गठ्ठ्यावरून ती अंगठा फिरवते, आणि कड चुकली असेल तर तिला डोळे मिटूनही कळतं. मालक अजून तिच्याशी नीट बोलत नाही. दाराजवळची ती खुर्ची तिथेच आहे. तिच्यावर सगळ्या जणी जेवणाचे डबे ठेवतात.